सहा सशांची नोंद

पोटाचं ऑपरेशन झालं की आत आतडी एकमेकांना चिकटतात. काहींची जास्त, काहींची कमी, आणि बहुतेकांना ते जन्मभर कळतही नाही. पण एखाद्याच्या पोटात त्या चिकटलेल्या जागी दोरीसारखे पट्टे तयार होतात आणि कधीतरी त्यात आतडं अडकतं. माझ्या आईचं अडकलं होतं. साताऱ्यात तिचं पित्ताशय काढलं, टाके सुकले, ती पहिल्यासारखी कामाला लागली, आणि वर्षाच्या आत पोट फुगून, हिरव्या उलट्या होऊन पुन्हा टेबलावर गेली. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. मी सांगलीला सर्जरीच्या एमएसला होतो. थीसिसचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा दुसरा विषय माझ्या डोक्यातच आला नाही.

हा अभ्यास माणसांवर करता येत नाही. टाके सुकून घरी गेलेला माणूस, आत काय झालंय ते बघायचंय म्हटल्यावर पोट उघडू देईल का? म्हणून ससे. सशाला भूल द्यायची, पोट उघडायचं, आतड्याचा एक भाग कोरड्या गॉझने घासायचा, बारीक रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत, आणि शिवून टाकायचं. तीन आठवड्यांनी इंजेक्शन देऊन सशाला मारायचं आणि पुन्हा पोट उघडून काय किती चिकटलंय ते मोजायचं. काही सशांच्या पोटात शिवण्यापूर्वी एक औषधी द्रावण सोडायचं, काहींच्या नाही. आणि सहा ससे असे, की ज्यांचं पोट फक्त उघडायचं आणि बंद करायचं. आतड्याला काही करायचं नाही. त्यांना कंट्रोल म्हणतात. त्यांच्या पोटात काही चिकटता कामा नये. ते स्वच्छ निघाले तरच बाकीच्यांमधलं चिकटणं माझ्या घासण्यामुळे झालं, असं म्हणता येतं.

"आधी कंट्रोलचे सहा कर," माझे गाईड म्हणाले. "ते बघू, मग पुढचे. तुझा हात बसू दे."

आमच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये निगा राखायला एकच माणूस होता. हॉस्पिटलात पुरुष कर्मचाऱ्यांना मामा म्हणायची पद्धत, म्हणून तेही मामा. पलूसकडचे, माझ्याहून पंधरा-एक वर्षांनी मोठे. सकाळच्या एसटीने येत आणि बरोबर घरच्या वावरातल्या लसूणघासाचा भारा आणत. कॉलेजातून मिळणारं खाद्य सशांना आवडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

"कंडक्टर रोज इचारतोय," एकदा भारा सोडता सोडता ते म्हणाले, "मामा, हापिसात म्हस बांधलीया का? म्हनलं, बारीक बारीक हायत्या, पर लय हायत्या."

सशांच्या ओळखीसाठी आम्ही पिक्रिक अ‍ॅसिडचे पिवळे ठिपके लावत असू. एकाच्या डोक्यावर, एकाच्या पाठीवर, एकाच्या शेपटीपाशी. ते रंगवण्याचं काम मामांचं. त्यांची बोटं कायम पिवळी असत, आणि हळदीच्या पेठेत कामाला लागलात काय, असं गावात त्यांना लोक विचारत. ते होय म्हणून सांगत.

मामा रोजंदारीवर होते, कितीतरी वर्षं. त्या वर्षी कायम करायच्या लोकांची यादी निघणार होती आणि त्यात तुमचं नाव आहे, असं त्यांना ऑफिसातल्या क्लार्कने सांगितलं होतं. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मग दर आठवड्याला सांगत राहिले. "आवं डाक्टर, यादी टायपिंगला गेली म्हनं." "यादी सायबाच्या टेबलावर हाय." मी "वा" म्हणत असे आणि सिरिंज भरत असे.

भुलीचं इंजेक्शन देताना ते सशाच्या डोळ्यांवर तळहात ठेवत. त्या पिवळ्या बोटांखाली ससा खरोखरच गप्प होई. "आंधार केला की धडधड कमी हुती," ते म्हणत. ते कुठे शिकले होते कुणास ठाऊक. आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आता हातमोज्यांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथेच बिनसलं.

त्या काळी रबरी हातमोजे एकदा वापरून फेकून देत नसत. धुवायचे, फुंकून भोक आहे का बघायचं, दोरीवर वाळवायचे, आतून-बाहेरून पावडर लावायची, कापडात बांधून वाफेवर निर्जंतुक करायचे आणि पुन्हा वापरायचे. पावडर नसेल तर रबर एकमेकाला चिकटतं आणि हात आत जात नाही. थिएटरमध्ये हातमोजे घातले की आम्ही दोन्ही हात पुढे करून उभे राहत असू आणि सिस्टर बाटलीतून सलाइन ओतत. मग ओल्या गॉझने पुसायचं आणि टेबलाकडे वळायचं. मी हे शेकडो वेळा केलं होतं. खरं म्हणजे केलं नव्हतं, माझ्यावर केलं जात होतं. सिस्टर सलाइन ओततात ते कशासाठी, हे पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलंही असतं. पण ते काम माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

अ‍ॅनिमल हाऊसमध्ये सिस्टर नव्हती. थिएटरमधून बाद झालेले, ठिगळं लावलेले हातमोजे तिथे यायचे. मामा ते धुवायचे, वाळवायचे, पावडर लावायचे. मी ते घालायचो आणि थेट सशाच्या पोटात हात घालायचो. पहिल्या सहाही सशांना मी तसंच केलं. सलाइनची बाटली शेजारच्या फळीवर होती.

तीन आठवड्यांनी त्या सहा सशांना मामांनी आदल्या दिवशीपासून भरपूर घास घातला. ससे मारायचे असले की त्यांचा तो नेम असे. मी कानाच्या शिरेत इंजेक्शनं दिली आणि एकेक पोट उघडलं. पहिल्या सशाच्या पोटात आतडी एकमेकांना आणि पोटाच्या भिंतीला चिकटलेली होती. मला वाटलं, एखादा असा निघायचा. दुसऱ्याच्याही पोटात तेच. सहापैकी पाचांच्या पोटात पट्टे होते, कात्रीने सोडवावे लागतील असे. ज्यांच्या पोटात काही सापडायला नको होतं, तेच ससे.

मामा ट्रे धरून उभे होते. ते वाकले. पट्ट्यांमध्ये बारीक पांढरे दाणे होते.

"डाक्टर, हे पांढरं काय हाय?"

मला त्याच क्षणी कळलं होतं. हातातले मोजे मी पाहिले, त्यांच्या बोटांवर अजून तसाच पांढरा थर होता.

"पावडर तर न्हवं?" मामा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "तुमचा हात लय घामेजतो, म्हून मी जरा जादाच लावतुया. बाटलीत हात घालून लावतुया."

"बघू," मी म्हणालो.

त्यांनी रजिस्टरमध्ये नेहमीप्रमाणे सहा सशांपुढे "प्रयोग पूर्ण" असं लिहायला पेन काढलं. मी म्हणालो, "आज लिहू नका. दोन दिवस थांबा."

त्या दोन दिवसांत मी काय विचार केला ते लिहायला आजही संकोच वाटतो. सरांना, माझ्या गाईडना, खरं सांगणं म्हणजे, मी हात न धुता पोटं उघडली, हे सांगणं. सर कडक होते. एकदा एका मुलाला त्यांनी गाठ सैल राहिली म्हणून सगळ्यांसमोर टेबलापासून दूर केलं होतं, आणि तो मुलगा आठवडाभर वॉर्डाच्या मागच्या जिन्याने ये-जा करत होता. थीसिस नापास होईल, सहा महिने जातील, सगळ्यांना कळेल. माझ्या डोक्यात एवढंच होतं. जे दिसलं होतं ते किती उपयोगाचं आहे, हे मनात आलंच नाही असं नाही. आईच्या पोटाचा विचारही आला. मी तो बाजूला सारला.

तिसऱ्या दिवशी मी मामांना म्हणालो, "हे सहा ससे ऑपरेशननंतर मेले, असं लिहिता येईल का? मी दुसरे सहा करतो."

"मेले?" ते म्हणाले. "आवं, मारलं की आपन."

"हो, पण आधीच मेले असं. हगवण लागून."

त्यांनी रजिस्टर उघडलं आणि पुन्हा मिटलं. "माज्या पावडरीनं झालं न्हवं हे सगळं?"

इथे मी सांगायला हवं होतं, की मामा, पावडर लावणं तुमचं काम, ती धुणं माझं. एवढं एक वाक्य. त्याऐवजी मी म्हणालो, "असू द्या, मामा."

मी त्यांना क्षमा केल्यासारखा बोललो. आणि त्यांचा चेहरा उजळला. माझ्या मनाचा मोठेपणा त्यांना दिसला असावा.

"एकाच दिसाला सगळी लिवली तर इचारत्याल," त्यांनीच सुचवलं. "आठवड्यात वाटून टाकू." आणि त्यांनी वेगवेगळ्या तारखा घालून, ठळक गोल अक्षरात, सहा वेळा लिहिलं: मृत, हगवण.

पुढच्या महिन्यात अ‍ॅनिमल हाऊसची पाहणी झाली. माझे गाईड होते आणि ऑफिसचे सुपरिंटेंडेंट होते. मी सरांची फाइल धरून मागे उभा होतो. मामा भारा सोडत होते.

सुपरिंटेंडेंटनी रजिस्टरवर बोट ठेवलं. "एका आठवड्यात सहा?"

सर माझ्याकडे वळले. "तुझेच ना हे? कशाने गेले?"

"डायरिया, सर," मी म्हणालो.

सुपरिंटेंडेंट मामांकडे गेले आणि भाऱ्यातली एक काडी उचलून बघितली. "हे बाहेरचं घालतोस? कुणाला विचारून? ओला घातला असशील. पोटं बिघडणारच की."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ते म्हणाले, "व्हय सायेब. त्या आठवड्यात भिजल्याला व्हता."

"आणि कायम व्हायचंय याला," सुपरिंटेंडेंट सरांना म्हणाले. दोघं निघाले आणि मी फाइल घेऊन त्यांच्या मागे निघालो. दारात वळून बघावं असं वाटलं. बघितलं नाही.

पंधरा दिवसांनी यादी लागली. मामांचं नाव नव्हतं. त्यांना अ‍ॅनिमल हाऊसमधून काढून धुलाईघरात टाकलं, रोजंदारीवरच. तिथे चादरी आणि गाउन उकळायचे मोठे हौद होते. मी त्यांना दोनदा लांबून पाहिलं. दोन्ही वेळा मला घाई होती, किंवा मी घाई केली.

मी नवे सहा ससे घेतले. या वेळी हातमोजे घातल्यावर मी सलाइनने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. सहाही ससे स्वच्छ निघाले. बाकीच्या गटांचं कामही नीट झालं. थीसिसमध्ये एका जागी, कंट्रोल गटाबद्दल, मी लिहिलं होतं: सुरुवातीचे सहा प्राणी जुलाबाने दगावल्यामुळे अभ्यासातून वगळले. टायपिस्टने ते वाक्य बिनचूक टाइप केलं. थीसिस विद्यापीठात गेला. परीक्षा अजून व्हायची होती.

मधल्या सुट्टीत मी साताऱ्याला गेलो. आई जेवणाच्या खोलीत ताट मांडीवर घेऊन कोरेगावहून आणलेला घेवडा निवडत होती. म्हणाली, "एवढे ससे मारलेस, मग माझं आतडं का अडकलं ते कळलं का?"

मी तिला सांगू लागलो. तिला आवडेल म्हणून पावडरीचंही सांगितलं. तिचा हात थांबला.

"म्हणजे हात न धुतल्याने होतं?"

"त्यानेही होऊ शकतं. तुझं त्यानेच झालं असं नाही."

"मग हे लिहिलंस ना पुस्तकात?"

मी नाही म्हणालो. का, असं तिने विचारलं आणि मी सगळं सांगितलं. सांगताना मी परीक्षेचं, सरांच्या स्वभावाचं, सहा महिन्यांचं फार सविस्तर सांगितलं असणार, कारण तिने मधेच तोडलं.

"आणि तो माणूस?"

"धुलाईघरात आहे."

"कुठे आहे ते नाही विचारत. त्याला अजून वाटतंय का, की त्याच्यामुळे झालं?"

मी ताटातला घेवडा उचलून निवडायला लागलो.

"माझ्या पोटावर दोन रेघा आहेत," आई म्हणाली. "दुसरी का आली ते मला आजपर्यंत एकाही डॉक्टरने नीट सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय कुणाला खाणार होते? पण निदान मला तरी वाटलं नसतं की मीच लवकर उठून घागर उचलली." ती पुन्हा निवडायला लागली. "आणि तू त्या माणसाला तसंच ठेवलंयस. कधी जाणार आहेस?"

आईने घागर उचलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी दुसऱ्या दिवशी सांगलीला परतलो आणि प्राचार्यांच्या नावे एक पत्र लिहिलं. तीनदा फाडलं, चौथ्यांदा ठेवलं. रविवारी एसटीने पलूस गाठलं आणि तिथून पुढे मामांचं गाव.

मामा दारात बसले होते. मला बघून उठले. त्यांची बायको चहा घेऊन आली. "हेच व्हय ते डाक्टर? तुमच्या सशांनी आमच्या शेरडांचा घास खाल्ला बगा दोन वर्सं."

"गप की," मामा म्हणाले, पण हसले.

चहा निवायच्या आत मी सांगून टाकलं. पावडर हातमोज्यांवर असतेच, ती नेहमीच लावतात, पोटात हात घालण्याआधी ती धुवायची असते, ते माझं काम होतं, मी केलं नाही. तुमची काही चूक नव्हती, आणि हे मला त्याच दिवशी माहीत होतं.

मामांनी बशी खाली ठेवली. "म्हंजी माज्या हातानं न्हाई झालं."

"नाही."

"मी तर हिलाबी सांगितलं," ते बायकोकडे बघून म्हणाले, "की माज्या हातनं सहा गेली. फुकट गेली." मग माझ्याकडे वळले. तेव्हा आवाज वाढला नव्हता, पण मला तो आजही ऐकू येतो. "मग तवाच का न्हाई सांगितलं? त्या सायबाम्होरं मी व्हय म्हनलो, ते तुमी मला सांभाळून घेतलं म्हून म्हनलो. मला वाटलं, या मानसानं आपलं झाकलं, आता आपून त्याचं झाकू."

"मी घाबरलो होतो," मी म्हणालो.

"आनि मी?"

मी पत्र पुढे केलं. मामा ते नको म्हणतील, डाक्टर तुमची डिग्री जाईल, असं काहीतरी म्हणतील, अशी एक आशा मला आत कुठेतरी होती. तीही इथे लिहून ठेवतो. त्यांनी पत्र घेतलं, चष्मा मागवला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"ह्ये काय? अनवधानानं?"

"म्हणजे... लक्षात न राहिल्यामुळे. चुकून."

"काय चुकून?"

"ते सहा ससे वगळले. नोंद बदलली."

"ती चुकून बदलली व्हय?" त्यांनी पत्र माझ्या मांडीवर ठेवलं. "ह्ये काडा."

मी पेन काढून तो शब्द खोडला.

"बाजूला सही करा. न्हाईतर म्हनत्याल, मीच खोडलं."

मी सही केली. त्यांनी पत्र घडी घालून आतल्या खिशात ठेवलं आणि सोमवारी स्वतः जाऊन ऑफिसात दिलं.

मला बोलावणं आलं. सरांनी पत्र वाचलं होतं. ते ओरडले नाहीत. पत्रावरून नजर न काढता म्हणाले, "कंट्रोलमध्ये पाच जणांना पट्टे, आणि त्यात पावडरीचे कण. हे तुझ्या सगळ्या थीसिसमधलं सगळ्यात कामाचं निरीक्षण आहे. आणि ते तू टाकून दिलंस." मग त्यांनी विद्यापीठाला पत्र पाठवलं. मी ते सहा ससे अभ्यासात परत घेतले, जे झालं ते झालं तसं लिहिलं, आणि चौदा पानं पुन्हा टाइप करून दिली. परीक्षा वेळेवर झाली. मी पास झालो. सरांनी मला शिफारसपत्र दिलं नाही, आणि ते योग्यच होतं.

चौदा पानं. ज्या शिक्षेच्या भीतीने मी एका माणसाचं वर्ष घालवलं ती एवढी होती. मोठी असती तरी काही फरक पडायला नको होता, हे मला कळतं. तरीही तो आकडा मला जास्त टोचतो.

मामांचं नाव पुढच्या यादीत आलं. सांगली सोडण्याआधी मी धुलाईघरात गेलो. हौदावर वाफ होती. ते बांबूने चादरी खालवर करत होते. आता अ‍ॅनिमल हाऊसमध्ये परत जाता येईल, मी सरांशी बोललोय, असं मी सांगितलं. तिथे तेव्हा दुसराच माणूस होता आणि तो सशांना कॉलेजचं खाद्य घालत असे.

"न्हाई," मामा म्हणाले. "आता तिकडं नगं."

"का?"

"हितं बरं हाय. चादरीला काय झालं तर चादरीचं झालं."

ते पूर्वी मला यादीची बातमी स्वतःहून सांगत, कंडक्टर काय म्हणाला ते सांगत. त्या दिवशी मी जे विचारलं तेवढ्याचं उत्तर त्यांनी दिलं, नीट, आदराने. मी साताऱ्याला कधी जाणार, हेही त्यांनी विचारलं नाही. वाफ फार झाली तेव्हा म्हणाले, "सरका जरा डाक्टर, अंगावर उडंल." मी सरकलो.